छावणीचं पाणी: ब्लीचिंग पावडर की क्लोरीनच्या गोळ्या?

छावणी एकाच जागी कायम असेल, तर पाणी जंतुमुक्त करायला आरोग्य अधिकाऱ्याने ब्लीचिंग पावडरच निवडावी. मात्रा हॉरॉक्स चाचणीने ठरते. चाचणीच्या संचातल्या काळ्या कपात त्यातल्याच चमच्याने सपाट चमचाभर, म्हणजे 2 ग्रॅम, पावडरचं द्रावण करायचं. ते निवळलं की सहा पांढऱ्या कपांतल्या पाण्यात अनुक्रमे एक ते सहा थेंब घालून ढवळायचं. अर्ध्या तासाने प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे, म्हणजे क्लोरीन उरला असेल तर निळ्या होणाऱ्या द्रावणाचे, तीन थेंब. स्पष्ट निळा झालेला पहिला कप तिसरा असेल, तर 455 लिटरला तीन चमचे, म्हणजे 6 ग्रॅम.

चाचणीत टाकीत पडणारीच पावडर वापरल्यामुळे तिचा कमी झालेला जोर आपोआप हिशोबात येतो. म्हणूनच नवा डबा फोडला की चाचणी पुन्हा करायची. नेमकं हेच टाळलं जातं. उघडा डबा उन्हात, दमटात ठेवला तर क्लोरीन उडून जातो. पाणी टाकीतून सोडण्याआधी तासभर थांबायचं, आणि तेव्हा 0.5 मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेला क्लोरीन, उरलेला हवा.

गोळ्या गस्तीवरच्या तुकडीसाठी. अर्ध्या ग्रॅमची गोळी साधारण 20 लिटरला पुरते, पण आकार वेगवेगळे असतात, वेष्टन वाचावं. चाचणी नाही, वजन नाही. मोठ्या टाकीला मात्र त्या महाग पडतात.

गढूळ पाण्यापुढे दोन्ही हतबल: आधी गाळा.