दोन लाइन, एक सर्व्हर: साधा स्टॅटिक रूट घ्यावा की वेगळं राउटिंग टेबल?

लिनक्स सर्व्हरला दुसरी इंटरनेट लाइन जोडली, तिचा आयपी दिला, आणि बाहेरून त्या आयपीवर काहीच उघडत नाही. अशा वेळी बरेच जण फायरवॉल उसवत बसतात. त्याआधी दोन्ही नेटवर्क कार्डांवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड) लावा. पॅकेट दुसऱ्या कार्डावर येतं, उत्तर मात्र पहिल्यावरून निघतं. (आरपी फिल्टर, म्हणजे पॅकेट योग्य कार्डावर आलं का हे तपासणारं लिनक्सचं सेटिंग, १ वर असेल तर उत्तर निघतच नाही, २ वर असेल तर निघतं.) लिनक्स एरवी पॅकेटला जायचं कुठे एवढंच बघतो, आणि डिफॉल्ट रूट, म्हणजे वेगळी वाट सांगितली नसेल तेव्हाची वाट, पहिल्या लाइनचा. परक्या सोर्स आयपीचं (पाठवणाऱ्याच्या पत्त्याचं) पॅकेट पहिली कंपनी बहुधा टाकूनच देते.

तेव्हा आधी ठरवा, सर्व्हर बाहेर जातो की लोक त्याच्याकडे येतात?

रात्रीचा बॅकअप ठरावीक नेटवर्कवर पाठवायचा, एवढंच काम असेल तर साधा स्टॅटिक रूट (हातानं लिहिलेली ठरावीक वाट) बास. एकच ओळ: ते नेटवर्क, दुसऱ्या लाइनचा गेटवे (पुढचा राउटर). नव्या माणसालाही वाचून कळते. फक्त पलीकडच्यानं आयपी बदलला की ट्रॅफिक गुपचूप डिफॉल्टवर जातं, म्हणून रोज आयपी बदलणाऱ्या क्लाउड सेवांसाठी या वाटेला जाऊ नका.

वेबसाइट, मेल, व्हीपीएन दोन्ही आयपींवर हवं असेल तर मात्र मी वेगळं राउटिंग टेबलच (वाटांची वेगळी यादी) घेईन. सोर्स २०३.०.११३.१० असेल तर टेबल १०१ बघ, असा रूल. आणि १०१ मध्ये दुसऱ्या लाइनचा डिफॉल्ट रूट. हा रूल मुख्य टेबलाच्या रूलच्या, म्हणजे ३२७६६ क्रमांकाच्या, आधी तपासला जातो. त्यामुळे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कचा रूटही १०१ मध्ये लिहावा लागतो. तो राहिला तर शेजारच्या मशीनला द्यायचं उत्तरही गेटवेकडे पळतं. डोकं थोडं जास्त लागतं, पण आलेल्या वाटेनं परत जाणं याशिवाय जमत नाही.

दोन डिफॉल्ट रूट, मेट्रिक (पसंतीक्रम, कमी आकडा आधी) १०० आणि २००, हा तिसरा मार्ग लोक फेलओव्हर (एक लाइन गेली की आपोआप दुसरी) समजून लावतात. मोडेमचे दिवे चालू आणि पुढे कंपनीकडेच लाइन बंद, तर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लेखी सगळं आलबेल! पलीकडे पिंग करून रूट बदलणारी स्क्रिप्ट लागतेच.

कमांडनं दिलेले रूट आणि रूल रीबूटला उडतात. उबंटूवर ते नेटप्लॅनच्या (तिथल्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलीत लिहा, आणि सर्व्हर दूर असेल तर ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत होकार दिला नाही तर जुनं सेटिंग परत येतं.