थेरपिस्टची ईमेल: मासिक पत्र की स्वागतमालिका?

अमेरिकेत स्थलांतरित कुटुंबांसोबत काम करणारे काही थेरपिस्ट ईमेल लिहायला एखाद्या माजी शिक्षिकेची मदत घेतात. मग प्रश्न येतो: दरमहा पत्र पाठवायचं, की नाव नोंदवणाऱ्याला आपोआप जाणारी चार-पाच पत्रांची स्वागतमालिका एकदाच लिहून ठेवायची?

मेहनत: मालिकेत ती सगळी सुरुवातीलाच. मासिक पत्राला दरवेळी नवा विषय लागतो. सत्रांच्या गर्दीत तेच आधी मागे पडतं.

विश्वास: खरा फरक इथे. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून बिचकणारा माणूस महिनोन्महिने गुपचूप वाचतो. मालिका दोन आठवड्यांत संपते, तो तयार नसतो. सहा महिने राहायला आलेले सासू-सासरे, दूर देशातल्या आईवडिलांचं आजारपण, असे विषय मासिक पत्रातच नीट मावतात. एका पत्रात एकच मुद्दा. शिक्षिकेला हे सांगावं लागत नाही.

चुका: मालिकेत जुनी फी तशीच राहते, क्लायंटची यादी भरली तरी ‘जागा आहे’ म्हणत राहते. दोन्हीकडे विषयओळीत ‘नैराश्य’ नको. फोन घरातले सगळे बघतात. ईमेल पाठवणारी सेवा हिपा (रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेचा अमेरिकी कायदा) प्रमाणे करार करत नसेल तर क्लायंटची नावं तिथे घालू नका. पत्रात टपालाचा पत्ता कायद्याने सक्तीचा, म्हणून घरून काम करणाऱ्यांनी पोस्ट बॉक्स घ्यावा. ईमेल यादीतून नाव काढायची विनंती कामकाजाच्या 10 दिवसांत पाळावीच लागते.

नवी प्रॅक्टिस, रिकाम्या वेळा: मालिका. भरलेली यादी, अधूनमधून कार्यशाळा: मासिक पत्र. दोन्ही हवं तर आधी मालिका लिहा.