फॉर्म ‘बी’ हातात पडतो, पण पंप सुरू होतो का? अग्निसुरक्षा एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) रिव्ह्यू

जून आणि डिसेंबर उजाडला की कमर्शियल बिल्डिंगच्या मॅनेजरला फोन सुरू होतात: ‘सर, फॉर्म बी करून देतो, रेट बघून घ्या.’ महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा हा दाखला लायसन्स असलेल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. सही एजन्सीची असली तरी यंत्रणा नीट ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराचीच राहते. म्हणून ‘फॉर्म कोण स्वस्तात देतो’ हा प्रश्नच चुकीचा आहे.

बाजारात साधारण तीन प्रकार विकले जातात. पहिला निव्वळ कागदाचा: माणूस येतो, फोटो काढतो, फॉर्म देतो. याला आमच्याकडून शून्य गुण. दुसऱ्यात आग विझवायच्या सिलिंडरचे रिफिलिंग आणि दोन भेटी मिळतात. हायड्रंट (आगीसाठीची पाण्याची लाइन), स्प्रिंकलर (छतातून आपोआप पाणी शिंपडणारे हेड) काहीच नसलेल्या छोट्या दुकानांना तेवढे पुरते. तिसरी पूर्ण एएमसी, म्हणजे पंप, हायड्रंट, स्प्रिंकलर, अलार्म सगळे. पाच-सात मजल्यांच्या ऑफिस कॉम्प्लेक्सला हीच घ्यावी, पण तिची खरी किंमत कळते ती पंप रूममध्ये.

चांगली एजन्सी पंप हाताने सुरू करून दाखवत नाही. पॅनल ‘ऑटो’वर ठेवते आणि गच्चीवरच्या किंवा सर्वांत लांबच्या लँडिंग व्हॉल्व्हला (मजल्यावरच्या हायड्रंटच्या तोटीला) 63 मिमीचा होज आणि ब्रँच पाइप (होजच्या टोकाची नळी) लावून पाणी सोडते. लाइनचा दाब उतरला की आधी जॉकी (लाइनचा दाब टिकवणारा छोटा पंप), मग मेन पंप आपोआप लागला पाहिजे. वरच्या टोकाला साधारण 3.5 किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळायला हवा. मग मेन पंपाचा सप्लाय पाडायचा. डिझेल पंपाने कोणी हात न लावता उठायला हवे. मेन पंप आपोआप सुरू होतो, पण बंद मात्र हातानेच करायचा असतो. प्रेशर स्विचने तो आपोआप बंदही होत असेल तर वायरिंग चुकले आहे. प्रत्येक टप्प्यावरचा गेजचा आकडा लिहून मिळाला नाही, तर चाचणी झालीच नाही असे समजा.

फसते कुठे? बहुतेक वेळा सिलेक्टर स्विच ‘मॅन्युअल’वर सापडतो. कारण साधे: कुठेतरी गळती असते, जॉकी दर थोड्या वेळाने उठतो, त्या आवाजाला कंटाळून वॉचमन स्विच फिरवतो. अशा वेळी स्विच पुन्हा ऑटोवर करून निघून जाणारा टेक्निशियन कामाचा नाही. एनआरव्हीमधून (पाणी उलटे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हमधून) पाणी मागे जातेय का, जमिनीखालचा पाइप गंजलाय का, कुठल्या लँडिंग व्हॉल्व्हचे ग्लँड (दांड्याभोवतीचे पॅकिंग) गळतेय, हे शोधणे ही त्याची खरी ड्युटी. दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे डिझेल इंजिनाची बॅटरी. चार्जर बंद, बॅटरी उतरलेली, आणि कार्डावर दर आठवड्याला ‘ओके’ची सही. कॉम्प्रिहेन्सिव्ह (सुट्या भागांसहच्या) करारातून बॅटरी आणि होज हळूच वगळलेले असतात, तेवढी ओळ सहीआधी वाचा.

सिलिंडरमध्ये स्टिकरवर विश्वास ठेवू नये. पावडरच्या सिलिंडरची हायड्रॉलिक (पाण्याच्या दाबाची) चाचणी दर तीन वर्षांनी, सीओटूची (कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची) दर पाच वर्षांनी, आणि ती तारीख सिलिंडरवर असली पाहिजे. सीओटूला गेज नसतो, म्हणून वजन करूनच कळते. गॅस दहा टक्क्यांहून जास्त कमी झाला तर रिफिल. वजनकाटा न आणता सीओटू ‘तपासणाऱ्याला’ चहा पाजून परत पाठवावे.

अलार्मच्या बाबतीत एकच बघा: रंगकाम झाल्यावर डिटेक्टरवरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढल्यात का, आणि खोट्या अलार्मला वैतागून हूटरची (भोंग्याची) वायर सोडवून ठेवली नाही ना. स्प्रिंकलरच्या बल्बवर (उष्णतेने फुटून पाणी सोडणाऱ्या काचेवर) रंग उडाला असेल तर पुसून भागत नाही, हेड बदलावे लागते. स्प्रिंकलरचा टेस्ट व्हॉल्व्ह उघडल्यावर पॅनलवर बरोबर त्याच मजल्याचा दिवा लागतो का, हेही करवून घ्या.

बदलत्या नियमांचा भाग मात्र बहुतेक एजन्सी सोडून देतात, आणि आमचे सर्वांत जास्त गुण इथेच कापले जातात. 2016 चा राष्ट्रीय बांधकाम संहितेचा भाग चार, मुंबईत डीसीपीआर 2034, राज्यात इतर बऱ्याच ठिकाणी यूडीसीपीआर (दोन्ही बांधकामाच्या विकास नियंत्रण नियमावल्या): नियमांची भाषा बदलत राहते. पण इमारत खरी बेकायदा होते ती आतल्या फेरबदलांनी. ऑफिसच्या मजल्यावर कोचिंग क्लास आला, जिम आली, गच्चीवर रेस्टॉरंट झाले की वापराचा गट बदलतो. ऑफिस ‘ई’ गटात, क्लास ‘बी’ गटात, रेस्टॉरंट ‘डी’ गटात. बाहेर पडायचे मार्ग, जिन्याची रुंदी, स्प्रिंकलरची गरज, सगळे नव्याने मोजावे लागते. नवीन केबिनची भिंत स्प्रिंकलरच्या दोन हेडमधून गेली, किंवा फाइलींचे रॅक हेडच्या अर्ध्या मीटरच्या आत आले, तर कागदावरचा आराखडा आणि प्रत्यक्षातले पाणी यांचा संबंध उरत नाही. 29 डिसेंबर 2017 ला मुंबईत कमला मिल्सच्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटच्या आगीत 14 जण गेले. तिथे बांबू आणि ताडपत्रीचे बांधकाम होते.

म्हणून एजन्सी आल्यावर ‘गेल्या सहा महिन्यांत कुठल्या गाळ्यात काम काढले?’ हे विचारते का, ते पाहा. मंजूर फायर प्लॅन हातात घेऊन मजले फिरणाऱ्या एजन्सीला थोडे जास्त द्यावे लागले तरी चालेल.

लायसन्स महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या यादीत तपासा. नाव आहे एवढे पुरत नाही, मुदत संपलेली नाही ना आणि तुमच्याकडची कामे त्या लायसन्समध्ये बसतात का, हेही बघा. आणि कराराची सुरुवात एप्रिलपासून ठेवली तरी मोठ्या चाचण्या जून आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच लावून घ्या. व्हॉल्व्ह किंवा बॅटरी मागवून बसवायला तेवढे दिवस लागतात, आणि फॉर्मवर सही त्यानंतरच होऊ द्या.