मूव्ही मॅजिक शेड्युलिंग, वाईच्या शूटला वापरलं

इतकी वर्षं शेड्यूल एक्सेलवर लावायचो, एक सीन हलवला की अख्खी शीट परत हाताने करायची. यावेळी हे शूटिंगचं शेड्यूल लावायचं सॉफ्टवेअर घेतलं आणि खरंच सुटलो. सीनची पट्टी उचलून दुसऱ्या दिवसात टाकायची, बस. बाहेरच्या दिवसाच्या सीनची पट्टी पिवळी, बाहेरच्या रात्रीची हिरवी, नुसतं बघून कळतं. मेणवलीच्या घाटावर पाऊस आला तेव्हा दहा मिनिटांत वाड्यातले सीन पुढे घेतले, पानाचे आठवे भाग (सीनची लांबी स्क्रिप्टच्या पानाच्या आठव्या भागात मोजतात) समोर दिसतात त्यामुळे दिवस ओव्हरलोड नाही झाला आणि कुठला आर्टिस्ट कधी लागणार तो रिपोर्टपण लगेच निघाला. किंमत छोट्या टीमला जडच जाते. आणि ब्रेकडाऊन, म्हणजे कुठल्या सीनला काय काय लागणार त्याची यादी, नीट भरा हां, बैलगाडी टाकायची राहिली तर सेटवर बैलगाडी नसणार.