पंचेचाळीस सेकंदांची झलक आणि नंतरचे आठ महिने : ‘सुपर युरोबीट’चे जुने भाग

मार्चमध्ये ‘सुपर युरोबीट’ या जपानी सीडी-मालिकेचे (युरोबीट म्हणजे वेगवान डान्स संगीत) सहा जुने भाग सेकंडहँड घेतले, सगळे १९९८च्या आगेमागे निघालेले. घेण्याआधी ऑनलाइन जेवढं ऐकायला मिळालं तेवढं ऐकलं होतं. घेण्याआधी असं ऐकून बघण्याला जपानीत ‘शिचो’ म्हणतात, त्यासाठीचा तुकडा फार तर तीस-पंचेचाळीस सेकंदांचा. तेव्हा केलेल्या नोंदी वहीत अजून आहेत. एका भागापुढे लिहिलंय : ‘सगळी एकाच साच्यातली. आवाज पातळ. ३ आणि ९ बरी.’ आज ३ नंबर लागला की मी पुढे सरकवतो, आणि ज्या ११ नंबरवर फुली मारली होती तो जवळजवळ रोज ऐकतो. झलक ऐकून ही मालिका बाजूला ठेवणारे बरेच जण भेटले, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. ‘एव्हेक्स’ ही जपानी कंपनी १९८८मध्ये परदेशी डान्स रेकॉर्ड आयात करण्यातून उभी राहिली. ‘सुपर युरोबीट’ १९९०मध्ये सुरू झालं आणि २०१८मध्ये त्याचा २५०वा भाग आला. ऐकणारे जपानी, पण गाणी बनायची इटलीत, मांतोव्हा आणि ब्रेशियाकडच्या स्टुडिओंमध्ये. खुद्द इटलीत ती फारशी कोणी ऐकत नव्हतं. आपल्यापैकी बहुतेकांना युरोबीट भेटलं ते १९९८च्या ‘इनिशियल डी’ या अ‍ॅनिमेमुळे, रात्री घाटात गाड्या पळवणाऱ्या पोरांच्या गोष्टीतून. मीही तिथूनच आलो.

आता झलकेबद्दल. या संगीताचा वेग साधारण मिनिटाला १५० ते १६० ठोके. १५५ धरले तर ४५ सेकंदांत ११६ ठोके होतात. एवढ्यात एक ध्रुवपद बसतं आणि त्याच्या मागचापुढचा थोडा तुकडा. झलक बहुतेक तिथूनच कापलेली असते, कारण गाण्यातली सगळ्यात ओळखीची जागा तीच. पण युरोबीटमध्ये ध्रुवपद एकटं उभं राहत नाही. सुरुवातीला नुसता ताल चालतो, डीजेला आधीच्या गाण्यातून या गाण्यात शिरता यावं म्हणून. मग सिंथची, म्हणजे सिंथेसायझरची, मुख्य धून येते, पितळी वाद्यांसारखी धारदार. मग एकदम सगळं उतरतं आणि गायिका जवळजवळ बोलल्यासारखी गाऊ लागते. जपानी लोक याला ए-मेलो म्हणतात, त्यानंतरच्या चढत्या भागाला बी-मेलो आणि ध्रुवपदाला साबी. खरी कारागिरी बी-मेलोत आहे. तिथे स्वर एकेक पायरी वर सरकतात, खालचा बास क्षणभर धरून ठेवतात, आणि मग साबी सुटतं. ते संपतं न संपतं तोच सिंथची पहिली धून परत येते, आणि आपण समेवर आल्यासारखं वाटतं. झलकेत ही सम ऐकू येते, पण तिच्यासाठी केलेली सगळी तयारी कापून गेलेली असते. मग सगळी गाणी सारखी वाटणार नाहीत तर काय!

माझा ११ नंबर असाच. त्याचं साबी खरंच साधं आहे, चार स्वरांतलं. पण त्याच्या आधीचा बी-मेलो इतका लांबवलाय की पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, आता हे गाणं सुटतच नाही. मी टोकियोत निशि-कासाईहून सकाळी तोझाई लाइन या मेट्रोने कामाला जातो. गाडी अराकावा नदीच्या पुलावर येते तेव्हा खिडकीतून एकदम नदी आणि आकाश दिसतं, आणि मिनामी-सुनामाची स्टेशनच्या आधी गाडी जमिनीखाली जाते. एके दिवशी बी-मेलो पुलावर सुरू झाला आणि अंधार होता होता साबी सुटलं. त्या दिवसापासून मी घरातून निघायची वेळ त्या गाण्यावर बेतू लागलो.

आवाज पातळ, या नोंदीचंही तसंच झालं. दहाव्या-बाराव्या दिवशी लक्षात आलं की वेगवेगळ्या नावांनी गाणाऱ्या दोन ‘गायिका’ म्हणजे एकच बाई. शब्दाच्या शेवटी ती श्वास जरा तोडते, त्यावरून ओळखली. नंतर वाचलं की या क्षेत्रात ही रीतच होती, मोजके गायक अनेक नावांनी गायचे. क्लारा मोरोनी ही त्यांतलीच, पुढे इटालियन रॉक गायक व्हास्को रॉसीच्या मैफिलींत वर्षानुवर्षं साथीला गाणारी. युरोबीटचा गायक-निर्माता डेव्ह रॉजर्स म्हणजे जानकार्लो पास्क्विनी, आणि ‘ए-बीट सी’ या त्याच्या रेकॉर्ड लेबलच्या नावात त्याचा जोडीदार अल्बेर्तो कोन्तिनी दडलेला आहे. हे कळल्यावर आवाज पातळ वाटेनासा झाला. तो वरच्या पट्टीत मुद्दाम ठेवलेला आहे, कारण खालची सगळी जागा सिंथ आणि बासने व्यापलेली असते.

आता तक्रारी. शब्दांकडून काही अपेक्षा ठेवू नका. आग, रात्र, प्रेम, स्वप्न, परत आग. इंग्रजी असूनही वाक्य कित्येकदा लागत नाही. झांजांचा आवाज स्वस्त इअरफोनवर कानात घुसतो, मला शेवटी इक्वलायझरमध्ये वरची पट्टी खाली आणावी लागली. एक अख्खी सीडी, म्हणजे सत्तरेक मिनिटं, सलग ऐकवत नाही. चाळिसाव्या मिनिटाला माझे कान थकतात. सहापैकी एका सीडीवर चरा निघाला, वर्णनात ‘उत्तम स्थिती’ असं लिहिलेलं असूनही. विक्रेत्याने पैसे परत केले, पण तो भाग मला दुसरीकडे अजून मिळालेला नाही आणि त्याची चुटपुट आहे.

ऑफिसात माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या एक सहकारी आहेत. त्यांना हे ऐकवलं तर त्या हातातला चहाचा कप ठेवून उभ्याच राहिल्या. तरुणपणी टोकियोतल्या रोप्पोंगीच्या वेलफारे या डान्स क्लबमध्ये जायच्या म्हणाल्या. युरोबीटवर नाचायचा तो पारापारा हा नाच बहुतेक हातांचा. पाय नुसते डावीकडे-उजवीकडे. प्रत्येक गाण्याच्या हालचाली ठरलेल्या आणि सगळ्यांनी एकसारख्याच करायच्या. सिंथची धून लागली तसे त्यांचे हात चुकता चुकता सापडत गेले, मनगट वळवून वर, मग छातीशी, मग पुढे. मध्येच थांबून म्हणाल्या, “इथे आम्ही सगळ्या एकदम ओरडायचो.” ती जागा बी-मेलोची शेवटची मात्रा होती.

घ्यायचं असेल तर लांब, ‘एक्स्टेंडेड’ गाण्यांची सीडी घ्या, एकाला एक जोडलेला नॉन-स्टॉप मिक्स आधी नको. त्यात गाणी छाटलेली असतात आणि परत झलकेचीच गत होते. रोज दोन गाणी, पहिल्या ठोक्यापासून. मी सध्या पाचव्या सीडीवर आहे. तिच्या ६ नंबरवर वहीत फुली आहे, आणि गेले तीन दिवस तोच पुन्हा पुन्हा लावतोय.