हार्ड डिस्क दिसेना म्हणून दुकानात दिली; 19,000 गेले आणि परत आली ती डिस्क माझी नव्हतीच

आधी पैशाचा हिशोब सांगतो. तपासणी फी 500, ऍडव्हान्स 4,000, 'डोनर ड्राइव्ह', म्हणजे सुटे भाग काढायला दुसरी डिस्क, मागवायला म्हणून 6,500 आणि पुण्याला क्लीन रूममध्ये, म्हणजे धूळ नसलेल्या खोलीत, डिस्क उघडायची म्हणून 8,000. एकूण 19,000 रुपये. एवढे घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका डेटा रिकव्हरीवाल्यानं (बिघडलेल्या डिस्कमधला डेटा काढून देणाऱ्यानं) मला डेटा तर दिला नाहीच, डिस्कसुद्धा माझी दिली नाही. दुसरीच कुठली तरी वापरून झिजलेली डिस्क माझ्या केसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या डबीत, बसवून हातात ठेवली. लिहायची लाज वाटत होती, घरात पण बरेच दिवस कुणाला बोललो नव्हतो, पण तो माणूस अजून रोज शटर उघडून बसतोय म्हणून लिहितोय.

माझी 2 टीबीची पोर्टेबल डिस्क होती. शाहू स्टेडियमवर आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमच्या मॅचेस मी शूट करतो, हौस म्हणून, कुणाकडून रुपया घेत नाही. पोरं बाहेर ट्रायलला जाताना क्लिपा मागतात, त्या सगळ्या ह्या डिस्कवर. शिवाय ऑगस्ट 2019 च्या महापुरात आंबेवाडी-चिखलीच्या लोकांना बोटीतनं बाहेर काढत होते तेव्हाचं शूटिंग, ते तर परत कुठं मिळणार नाही. दुसरी कॉपी का नव्हती असं मला सगळ्यांनी विचारून झालंय. होती, जुन्या लॅपटॉपवर. तो विकायचा म्हणून सगळं डिस्कवर हलवलं, नवीन डिस्क घ्यायला पैसे बाजूला काढले होते आणि तेवढ्यात हे झालं.

झालं काय, तर एका संध्याकाळी डिस्क लावली, लाइट लागला, पण लॅपटॉप काही बोलेना. धिस पीसीमध्ये दिसत नाही, विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर तिथंही नाही. दुसरं पोर्ट बघितलं, शेजाऱ्यांच्या लॅपटॉपला लावली, तेच. आता इथं शहाणे लोक म्हणतात केबल बदलून का बघितली नाहीस. अहो, ह्या डिस्कला तो चपटा रुंद प्लग लागतो, मधे खाच असलेला. घरात सगळ्यांच्या मोबाइलला टाइप सी, तसली केबल दुसरी आणायची कुठनं? दुकानातच की! म्हणून दुकानात गेलो.

आणि तो क्षण. त्यानं डिस्क घेतली, माझी केबल बाजूला ठेवली, ड्रॉवरमधनं स्वतःची केबल काढून लावली. मॉनिटर त्याच्याकडं तोंड करून होता, मी काउंटरच्या ह्या बाजूला. डिस्क लावल्या लावल्या त्याच्या कॉम्प्युटरनं तो आवाज दिला, टुडुंग, पेनड्राइव्ह लावल्यावर येतो तोच. मी ऐकला. माझ्या लॅपटॉपवर जो आवाज येतच नव्हता तो तिथं पहिल्या झटक्यात आला. पुढच्या सेकंदाला त्यानं केबल उपसली, डिस्क माझ्या कानाला लावली आणि म्हणाला, "ऐकलं का दादा, हेड आपटतंय, आता अजिबात चालू करू नका, प्लेटला चरे पडतील." हेड म्हणजे आतल्या फिरत्या प्लेटवरचा डेटा वाचणारा भाग. कानाशी काय होतं तर मोटर थांबत आल्याची बारीक घरघर. हेड गेलेली डिस्क ठराविक अंतरानं टिक टिक टिक वाजते, तसं काहीच नव्हतं. पण हेड आपटणं कसं वाजतं हे मला तेव्हा कुठं माहीत होतं, मी बँकेत कारकुनी करणारा माणूस. आज रात्री झोपताना तो टुडुंग माझ्या कानात वाजतो. डिस्क चांगली होती! त्याला दिसली, त्यात काय आहे ते पण दिसलं असणार, आणि त्यानं त्याच मिनिटाला ठरवलं की ह्याला घालायची टोपी.

भावांनो, दुकानात डिस्क लावताना स्क्रीन तुमच्याकडं फिरवायला लावा. नाही म्हणाला तर डिस्क उचला आणि चालू पडा.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत असलेल्याच पद्धतीनं. आधी तपासणीचे 500, मग दोन दिवसांनी फोन, "हेड गेलंय, डेटा शंभर टक्के निघेल, 4,000 टाकून ठेवा." मग त्याच मॉडेलची दुसरी डिस्क लागणार, तिचे हेड काढून ह्याला बसवायचे, 6,500. मला खरं वाटलं, कारण मी वाचून बघितलं आणि डोनर ड्राइव्ह ही गोष्ट खरीच असते. हेड बदलायला त्याच मॉडेलची डिस्क लागते, आणि उघडायची ती धूळ गाळलेल्या जागेत, कारण प्लेट आणि हेडमधली फट धुळीच्या कणापेक्षा बारीक असते. म्हणजे त्याचं प्रत्येक वाक्य सुटं सुटं तपासलं तर बरोबर होतं, फक्त माझ्या डिस्कला त्यातल्या कशाचीच गरज नव्हती. असला माणूस जास्त धोकादायक. 8,000 तर त्यानं "पुण्याला गाडी उद्या सकाळी निघतीय" म्हणून रात्री साडेनऊला मागितले. यूपीआयवर नाव भलत्याच बाईचं आलं. विचारलं तर म्हणे "घरचंच खातं आहे, जीएसटीचं लचांड नको." दुकानाच्या नावानं क्यूआर नाही, पक्कं बिल नाही, तिथं एक रुपया टाकू नका. आणि खरी रिकव्हरी करणारे आधी तपासून लेखी आकडा देतात, बरेच जण तर डेटा निघाला नाही तर मोठी रक्कम घेतही नाहीत. टप्प्याटप्प्यानं पैसे ओढणारा दिसला की समजा.

महिन्याभरानं डिस्क परत. "प्लेट खराब निघाली, सॉरी दादा." केसिंगच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटल्याच्या खुणा, एक क्लिप मोडलेली. उघडलीच असणार म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही.

उद्यमनगरात माझा मावसभाऊ मशीनचे कंट्रोल पॅनेल दुरुस्त करतो. त्याला सहज दाखवली. त्यानं त्याच्याकडची केबल लावली आणि डिस्क सरळ दिसली. चालू! पण साइज 465 जीबी. 2 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 1.81 टीबी दिसते, 465 दिसते ती 500 जीबीची. आत एकही फाइल नाही. मग त्यानं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क आजवर किती तास चाललीय ते, 22,000 च्या वर. चोवीस तास चालू ठेवली तरी अडीच वर्षं होतात ही. माझी डिस्क रविवारी संध्याकाळी तास दोन तास लागायची. कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपमधनं काढलेली डिस्क आहे ती. काही कंपन्यांच्या पोर्टेबल डिस्कला यूएसबीचा सॉकेट डिस्कच्या बोर्डवरच असतो, तिथं असली अदलाबदल जमत नाही. माझ्यात लॅपटॉपमध्ये असते तसली साधी साटा डिस्क आणि वर छोटं जोडणीचं बोर्ड, पाच मिनिटांचं काम. मग भावानं माझी मूळ केबल त्याच्या स्वतःच्या चांगल्या डिस्कला लावली. लाइट लागला, डिस्क दिसली नाही. कॅमेऱ्याच्या बॅगेत मुडपून मुडपून केबलच्या आतली डेटाची तार गेलेली, करंट जात होता म्हणून लाइट लागत होता. दोन-अडीचशेची केबल.

म्हणून सांगतो, डिस्क दिसेना झाली की पहिल्यांदा केबल, दुसऱ्याकडनं मागून आणा पण बदला. मग पोर्ट, जुन्या यूएसबी 2.0 ला 500 मिलिअँपिअर मिळतात, 3.0 ला 900, त्यामुळं कमजोर पोर्टवर किंवा हबवर डिस्क कधीकधी नीट फिरतच नाही, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला लावा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतीय पण D:, E: असलं अक्षर नाही, तर बऱ्याचदा नुसतं ते ड्राइव्ह लेटर द्यायचं असतं. 'फॉरमॅट करा' किंवा 'इनिशियलाइज' विचारलं तर हो म्हणू नका. खरंच टिक टिक वाजत असेल तर मात्र लगेच काढा, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) वगैरे काही चालवू नका.

दुकानदाराकडं गेलो तर पावती पुढं केली. 'एक नग हार्ड डिस्क, डेड, डेटाची जबाबदारी नाही.' साइज नाही, सिरियल नंबर नाही. "तुम्ही दिली तीच ही," एवढंच. माझ्याकडं बॉक्स आहे, खरेदीचं बिल आहे, 2 टीबी छापलंय, तो बघायलाही तयार नाही. डिस्क देताना तिच्या लेबलचा फोटो काढा आणि साइज, सिरियल नंबर पावतीवर लिहून घ्या, दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

आणि आता खरा संताप. पोलीस ठाण्यात गेलो. तासभर बाकड्यावर बसवल्यावर विचारतात, "पाव्हणं, डिस्क परत मिळाली न्हवं? मग तक्रार कशाची?" म्हटलं ती माझी नाही, माझी त्यानं ठेवून घेतली. "किंमत किती तिची?" म्हटलं साहेब, किमतीचा प्रश्न नाही, त्यात माझा डेटा आहे, घरातल्या बायकापोरांचे फोटो आहेत, आधार-पॅनच्या स्कॅन कॉपी आहेत, उद्या कुणी काय केलं तर? "डेटाचं सायबरकडं." सायबरकडं गेलो तर म्हणे हा ऑनलाइन प्रकार नाही, तुम्ही स्वतः दुकानात जाऊन वस्तू दिली, ठाण्यात जा. परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी भेटले तर "दिवाणी मॅटर आहे, मिटवून घ्या." काय मिटवून घेऊ? तक्रारीची पोच मागितली तर शिक्का मारून द्यायला तयार नाहीत. बँकेचं ऐका, म्हणजे मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथलंच, "पिन तुम्हीच टाकला ना, मग डिस्प्यूट होत नाही." जो तो दार दाखवतोय, आणि ज्यानं 19,000 घेतले त्याला एक फोन करून विचारायला कुणाला दोन मिनिटं नाहीत. चोर पकडा म्हणत नव्हतो मी, नाव-पत्ता-यूपीआय सगळं लिहून दिलं होतं, शटर उघडून आत बघायचं होतं फक्त!

शेवटी वकिलांनी सांगितलं ते केलं. ठाण्यात घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणं तक्रार लेखी, पोस्टानं थेट पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. मी भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं 318 आणि विश्वासघाताचं 316 कलम लिहून रजिस्टर पोस्टानं पाठवलीय, पोच आलीय. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद केली, डॉकेट नंबर मिळाला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार घालायची असते, तिचे कागद आता चाललेत. पैसे ऑनलाइन कुणी लुबाडले असतील तर सायबर हेल्पलाइन 1930 ला त्याच मिनिटाला फोन करा, उद्यावर टाकू नका. सगळे पासवर्ड मी बदलले, तुम्ही पण बदला, आणि नव्या डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं पासवर्डचं कुलूप) लावा म्हणजे दुकानदाराला नुसतं लावून आतलं बघता येणार नाही.

राजारामपुरीत कुणी डिस्क दुरुस्तीला देऊन 'डेड' म्हणून परत आणली असेल तर ती आज चांगल्या केबलनं लावून साइज बघा. वेगळी दिसली तर काही न पुसता पावतीचा आणि स्क्रीनचा फोटो मला पाठवा. एकाच माणसाविरुद्ध आयोगात एकत्र तक्रार घालता येते, मसुदा तयार आहे, नावं घालायला जागा ठेवलीय.