आर्किटेक्ट व्हायचं की डिलिव्हरी सांभाळायची?

हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाणारी सोलापूरची पोरं मला हे विचारतात. आयटी सल्लागार कंपनीत सात-आठ वर्षं कोडिंग झालं, आता पुढं काय?

सॉफ्टवेअर आर्किटेक्ट झालात तर कोडशी नातं टिकतं. प्रणाली कशी बांधायची, डेटा कुठं ठेवायचा, हे तुम्ही ठरवता. घरून काम मिळालं तर जुळे सोलापुरात बसूनही जमतं.

डिलिव्हरीत, म्हणजे टीम सांभाळून क्लायंटचं काम वेळेत पोचवण्यात, मात्र मोजमापच बदलतं. टीमचे किती तास क्लायंटच्या बिलात लागले, काम मिळवताना दिलेल्या प्रस्तावात तासांचा अंदाज किती धरला, यावर नफा ठरतो. काम ठरलेल्या किमतीचं असेल आणि अंदाज चुकला, तर तोटा कंपनीचा. तासांवर असेल तर जास्तीचा भार क्लायंटवर. हे गणित चाटी गल्लीतल्या कापड दुकानात वाढलेल्या पोराला पटकन कळतं, हे मी पाहिलंय.

डिलिव्हरीत क्लायंटशी इंग्रजीत बोलावं लागतं, म्हणून बिचकून आर्किटेक्टची वाट धरणं मला अजिबात पटत नाही. क्लायंटला उच्चार नको असतात. शुक्रवारी नेमकं काय हातात पडेल, ते हवं असतं. वरच्या नेतृत्वात जायचं असेल तर मी डिलिव्हरीच सांगेन, पण आधी दोन-चार प्रस्ताव स्वतः लिहून बघा.